वटवाघळं आणि त्यांच्याकडून येणारे आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केरळात निपाह या जीवघेण्या विषाणूची बातमी झळकली की दोन दिवसांत आमच्याकडे मेसेजची रांग लागते. कुणी अर्धवट खाल्लेल्या पेरूचा फोटो पाठवतं, कुणी विचारतं की सोसायटीतलं झाड तोडावं का. खालचे प्रश्न त्याच मेसेजमधले आहेत, भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. वटवाघळांमुळे नेमके कोणते आजार होतात?

विषाणूंचा उगम वटवाघळांत असल्याचं पक्कं सिद्ध झालेले आजार म्हणजे निपाह, ऑस्ट्रेलियातला हेंड्रा, आफ्रिकेतला मारबर्ग आणि रेबीजच्या कुळातले काही विषाणू. २००२-०३ च्या सार्ससारखे विषाणू चीनच्या युनान प्रांतातल्या नालनाक्या (नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असलेल्या) वटवाघळांत सापडले, त्यामुळे त्या साथीचं मूळही तिथेच मानलं जातं. त्या साथीत ८,०९६ रुग्ण नोंदले गेले आणि ७७४ माणसं गेली. इबोलाच्या बाबतीत संशय दाट आहे, वटवाघळांत त्याच्या खुणा सापडतात, पण जिवंत विषाणू अजून कुणाला वेगळा करता आलेला नाही. कोविडबद्दल प्रश्न १४ पाहा.

भारतातल्या वाचकाने यातली दोन नावं लक्षात ठेवली तरी पुरे: निपाह आणि रेबीज.

२. इतके विषाणू अंगात असून वटवाघळं स्वतः आजारी का पडत नाहीत?

याचं उत्तर बहुधा त्यांच्या उडण्यात आहे. सस्तन प्राण्यांत पंख मारून खरोखर उडणारा हा एकच गट. उडताना त्यांच्या शरीरात ऊर्जेची प्रचंड उलाढाल होते, शरीर तापतं, पेशींची झीज होते. दर रात्री एवढी झीज होत असताना शरीराने प्रत्येक वेळी दाह पेटवला, तर प्राणी जगणारच नाही. म्हणून उत्क्रांतीच्या ओघात त्यांची दाहाची यंत्रणा मवाळ झाली. दुसऱ्या बाजूला, काही जातींत विषाणूला रोखणारी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं संसर्ग नसतानाही तयार असतात. विषाणू दबून राहतो, पण पुरता हाकलला जात नाही.

आपल्याला निपाह किंवा कोविडमध्ये जे मारतं त्यात विषाणूइतकाच वाटा आपल्याच शरीराच्या भडकलेल्या प्रतिकाराचा असतो. वटवाघळाच्या अंगात ती आग लागत नाही.

एक जोड द्यायला हवी. वटवाघूळ दमलेलं, उपाशी, गाभण किंवा घाबरलेलं असलं की हा तोल ढळतो आणि लाळेतून, मुतातून विषाणू जास्त बाहेर पडू शकतो. पुढच्या बऱ्याच उत्तरांचा पाया हाच आहे.

३. आमच्या देवळात छोट्या पाकोळ्या आहेत आणि वडावर मोठी वटवाघळं. दोन्ही सारखीच धोकादायक का?

नाहीत. जगात वटवाघळांच्या १,४०० हून जास्त जाती आहेत, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींमागे एक जवळपास वटवाघळाची. भारतातच सव्वाशेच्या आसपास. देवळाच्या सांदीत, जुन्या वाड्याच्या आढ्यात राहतात त्या बहुतेक किडे खाणाऱ्या पाकोळ्या. वड-पिंपळावर दिवसभर उलटी लटकलेली, पंख पसरले की तीन-चार फूट भरणारी ती फळं खाणारी मोठी वटवाघळं. भारतात निपाहचा मुख्य संबंध या मोठ्यांशी आहे.

हा फरक किती मोलाचा आहे ते २०१८ मध्ये केरळात दिसलं. कोळिकोड जिल्ह्यातल्या पेरांब्रा भागात निपाहने एकाच घरातली माणसं गेली, तेव्हा त्या घराच्या विहिरीत वटवाघळं सापडली. देशभर बातमी झाली की कारण सापडलं. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि निर्दोष निघाले, कारण विहिरीतली वटवाघळं किडे खाणारी होती. नंतर त्याच परिसरातली फळं खाणारी वटवाघळं पकडून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत तपासली, तेव्हा त्यांच्यात विषाणू मिळाला. मधल्या काळात किती विहिरी आणि किती पाकोळ्या लोकांच्या रागाला बळी पडल्या असतील, त्याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

म्हणजे पाकोळ्या हाताळाव्यात असं मात्र नाही. रेबीजसाठी प्रश्न १० पाहा.

४. निपाह पहिल्यांदा आला कुठून?

मलेशियातून. १९९८ च्या उत्तरार्धात तिथल्या डुक्करपालकांत मेंदूज्वर सुरू झाला. आधी सगळ्यांनी तो डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर मानला, फवारण्या झाल्या, लसी टोचल्या. तरी माणसं मरत राहिली, आणि मरणारे बहुतेक प्रौढ, डुकरांजवळ काम करणारे होते. मलाया विद्यापीठातले तरुण विषाणुतज्ज्ञ चुआ कॉ बिंग यांना एका रुग्णाच्या नमुन्यात वेगळाच विषाणू दिसला. तो रुग्ण सुंगाई निपाह गावचा होता, गावाचंच नाव विषाणूला मिळालं.

मग कोडं उलगडलं. डुकरांच्या गोठ्यांलगत आंब्याची आणि इतर फळांची झाडं लावलेली होती. रात्री वटवाघळं येऊन फळं खात, उष्टी फळं खाली डुकरांच्या आवारात पडत. वटवाघळाकडून डुकराला, डुकराकडून माणसाला. मलेशियात २६५ रुग्ण आणि १०५ मृत्यू झाले, दहा लाखांच्या वर डुकरं मारावी लागली.

५. वटवाघूळ डोक्यावरून उडालं तर निपाह होतो का?

होत नाही. निपाहला माणसापर्यंत यायला वाट हवी असते, आणि त्या वाटा मोजक्या आहेत.

पहिली वाट अन्नाची. बांगलादेशात २००१ पासून जवळपास दर हिवाळ्यात निपाहचे रुग्ण सापडतात. तिथे थंडीत खजुरीच्या झाडाला खाच पाडून रात्रभर मडक्यात रस गोळा करतात आणि पहाटे तो कच्चाच पितात. संशोधकांनी अंधारात दिसणारे कॅमेरे झाडांवर लावले तेव्हा वटवाघळं येऊन त्या खाचेवरून वाहणारा रस चाटताना, तिथेच मुतताना दिसली. दुसरी वाट मधल्या प्राण्याची, ती प्रश्न ४ मध्ये आली.

तिसरी वाट माणसाकडून माणसाकडे, आणि भारताच्या दृष्टीने हीच सगळ्यात घातक ठरली आहे. २००१ मध्ये सिलिगुडीत ६६ जणांना लागण झाली, त्यातल्या बहुतेकांना ती रुग्णालयांतून झाली. २०१८ मध्ये केरळातही पहिल्या रुग्णानंतरचे बहुतेक जण त्याच्याबरोबर वॉर्डात किंवा तपासणीच्या रांगेत थांबलेले होते. पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात त्या पहिल्या कुटुंबाची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका लिनी पुथुसेरी त्यातच गेल्या.

म्हणून वॉर्डातला मास्क, हातमोजे आणि साबण झाडावरच्या वटवाघळापेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत. हे मी पुन्हा पुन्हा लिहितो, कारण भीतीचा सगळा रोख झाडाकडे जातो आणि दवाखान्यात रुग्णाच्या खाटेभोवती दहा नातेवाईक उभेच राहतात.

६. महाबळेश्वरच्या वटवाघळांत निपाह सापडला होता ना? मग महाराष्ट्रातही साथ येणार?

बातमी खरी आहे. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या संस्थेतल्या संशोधकांनी महाबळेश्वरच्या गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुहेत राहणाऱ्या मध्यम आकाराच्या फळखाऊ जातीत निपाहविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) मिळाली, आणि मोजक्या नमुन्यांत विषाणूचा अंश.

याचा अर्थ नीट लावायला हवा. प्रतिपिंडं म्हणजे पायाचा ठसा: विषाणू कधीतरी इथून गेला होता. विषाणूचा अंश म्हणजे तो त्या क्षणी तिथे होता. यातून माणसाला लागण झाली असं कुठेही सिद्ध होत नाही. हे लिहीपर्यंत महाराष्ट्रात माणसाला निपाह झाल्याची नोंद नाही. पण मेंदूज्वराचा कारण न सापडलेला रुग्ण आला तर डॉक्टरांनी निपाहचा विचार करावा, एवढं त्या अभ्यासाने आपल्याला नक्की सांगितलं. आणि तपासणीची सोय आपल्या पुण्यातच आहे.

७. झाडाखाली पडलेलं, दात लागलेलं फळ खाल्लं तर? खराब भाग कापून चालेल का?

कापून चालणार नाही, अख्खं फळ टाकून द्या. निपाहचा विषाणू फळाच्या गरावर तापमान आणि आंबटपणा यांनुसार काही तासांपासून काही दिवसांपर्यंत तग धरू शकतो. लाळ कुठवर मुरली आहे हे डोळ्यांना कळत नाही.

न फुटलेलं, न चावलेलं फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, शक्य असेल तर सोलून खा. बाजारातल्या फळांनाही हाच नियम. शिजवलेल्या, उकळलेल्या पदार्थात विषाणू टिकत नाही, त्यामुळे मोरावळा किंवा मुरांबा याबद्दल घाबरू नका.

खरी काळजी लहान मुलांची. पडलेले पेरू, जांभळं, चिकू मुलं खिशात भरतात. त्यांना रागावण्याऐवजी दात लागलेलं फळ कसं दिसतं ते एकदा हातात काठी घेऊन दाखवा. पोपटाने टोचलेल्या फळाला खोल, तिरकी चोचीची खूण असते. वटवाघळाने खाल्लेल्या फळाचा लचका गेलेला असतो, आणि जवळपास चघळून थुंकलेले चपटे चोथे पडलेले असतात, कारण ते रस गिळतं आणि तंतू टाकून देतं. फरक ओळखता आला तरी दोन्ही फळं टाकायचीच.

८. मग नीरा आणि ताडी प्यायची की नाही?

हा प्रश्न पालघर, रायगड आणि दक्षिण कोकणातून हमखास येतो, आणि तो बरोबर आहे, कारण नीरा हा बांगलादेशातल्या त्या रसाचाच भाऊबंद.

महाराष्ट्रात नीरेतून निपाह झाल्याची नोंद नाही. तरी झाडावरचं उघडं मडकं ही वटवाघळासाठी निमंत्रणाची थाळीच आहे, हे नाकारता येत नाही. बांगलादेशात खाच आणि मडक्याचं तोंड बांबूच्या चटईने झाकायची युक्ती वापरून पाहिली गेली. झाकण नीट असेल तर वटवाघळं रसापर्यंत पोचत नाहीत असं कॅमेऱ्यांत दिसलं. झाडावर चढणाऱ्यांशी बोला, तुमच्याकडे मडकं कसं बांधतात ते विचारा. मडकं उघडं असेल तर ती नीरा कच्ची पिऊ नका. तिचा गूळ केला, म्हणजे रस उकळून आटवला, तर धोका उरत नाही. ताडी आंबलेली असते म्हणून सुरक्षित, असं मात्र धरून चालू नका. बांगलादेशात आंबवलेल्या रसातूनही लागण झाल्याचं आढळलं आहे.

९. रोज सकाळी गच्चीत बिया आणि भिंतीवर तपकिरी डाग असतात. हे धोकादायक आहे का?

हे बहुतेक तुमच्या कंपाउंडमधल्या उंच, सरळ वाढलेल्या अशोकाचं किंवा देशी बदामाचं काम आहे. लहान फळखाऊ वटवाघळं फळ तोडतात, ते घेऊन एखाद्या पोर्चच्या छताला किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात लटकतात, खातात, बी टाकतात. उडता उडता जी विष्ठा पडते तिचा भिंतीवर ओघळ उमटतो.

वाळलेल्या डागांना घाबरू नका, पण कोरडा झाडू मारून धूळ उडवू नका. तोंडाला मास्क आणि हातमोजे घाला, डागांवर आधी साबणाचं किंवा ब्लीचचं पाणी शिंपडा, दहा मिनिटांनी पुसून घ्या. वाळत घातलेल्या पापड-कुरडया आणि पिण्याच्या पाण्याची टाकी रात्री झाकलेली हवी. कोपऱ्यात रात्री दिवा लावून ठेवला की ती सहसा जागा बदलतात.

१०. वटवाघूळ चावलं किंवा नख लागलं तर इंजेक्शन घ्यावं लागतं का?

लगेच जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, कारण पंधरा मिनिटं आपल्याला वाटतात त्यापेक्षा फार लांब असतात. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका. मग त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा आणि "वटवाघूळ" हा शब्द स्पष्ट सांगा.

भारतात माणसांना होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांकडून येतो, म्हणून कधीकधी "वटवाघळासाठी लस लागत नाही" असं सांगून परत पाठवलं जातं. पण जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाशी झालेला थेट संपर्क सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत धरते. त्या श्रेणीत लशीसोबत जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) येतं. नागालँडमधल्या वटवाघळांत रेबीजच्या कुळातल्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडं सापडलेली आहेत. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. त्यामुळे शंका असेल तेव्हा लशीच्या बाजूने झुका, आणि डॉक्टरांशी तसं बोला.

वटवाघळाचे दात सुईसारखे बारीक असतात, खूण दिसेलच असं नाही. झोपलेल्या लहान मुलाच्या, म्हाताऱ्या माणसाच्या किंवा दारू प्यायलेल्या माणसाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं, तर चावल्याचं कुणी पाहिलं नसलं तरी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

११. घरात वटवाघूळ शिरलंय! आत्ता काय करू?

पंखा बंद करा, पहिलं काम हेच. मुलांना आणि मांजराला दुसऱ्या खोलीत न्या, आतलं दार लावा. बाहेरची खिडकी सताड उघडा, दिवे मालवा आणि वीस-पंचवीस मिनिटं वाट पाहा. ते किडा शोधत आत आलेलं असतं, वाट मिळाली की जातं. ते केसांत अडकत नाही, अंगावर धावून येत नाही.

गेलंच नाही किंवा जमिनीवर पडून राहिलं, तर उघड्या हाताने उचलू नका. वर पुठ्ठ्याचा खोका पालथा घाला आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. दिवसाउजेडी जमिनीवर पडलेलं वटवाघूळ आजारी असू शकतं, आणि चावण्याच्या बहुतेक घटना दया दाखवायला गेलेल्या हातांना होतात.

कौलांखाली त्यांची कायमची वस्ती असेल तर संध्याकाळी सगळी बाहेर पडल्यावर भोक बुजवा. आत पिल्लं नाहीत याची खात्री करूनच. पिल्लं आत अडकली तर ती मरतात, कुजतात, आणि माद्या आत शिरायला नवी वाट शोधतात.

१२. मांजराने वटवाघूळ पकडून आणलं. आता?

तोंडातलं काढायला हात घालू नका. मांजराला रेबीजची लस दिली आहे का ते बघा, नसेल तर पशुवैद्याकडे न्या. मेलेल्या वटवाघळासाठी प्रश्न १७.

१३. किल्ल्यावर, लेण्यांत, गुहेत जाताना काय काळजी घ्यावी?

लेण्याच्या दर्शनी भागात फिरून येण्याने काही होत नाही. धोका आहे तो अंधाऱ्या, कोंदट, विष्ठेचा थर साचलेल्या पोटगुहांत. तिथे विषाणूंआधी एका बुरशीचा विचार करा. हिस्टोप्लाझ्मा नावाची ही बुरशी वटवाघळांच्या विष्ठेने समृद्ध झालेल्या मातीत वाढते, पाय पडला की तिचे बीजाणू उडतात आणि फुप्फुसात जातात. आजार क्षयासारखा दिसू शकतो. ताप-खोकला रेंगाळला तर डॉक्टरांना गुहेत गेल्याचं जरूर सांगा.

आफ्रिकेत फिरायला जाणाऱ्या आपल्या लोकांसाठी वेगळी सूचना. २००८ मध्ये युगांडातल्या 'पायथन केव्ह' या गुहेत गेलेल्या एक डच पर्यटक बाई मायदेशी परतून मारबर्गने गेल्या. एका अमेरिकी पर्यटक बाईंनाही तिथेच लागण झाली होती, त्या वाचल्या. गुहा बघायला गेल्या होत्या, एवढंच. युगांडा, केनियाच्या सहलीत वटवाघळांची गुहा असेल तर ती वगळा.

आपल्याकडे गुहेत टॉर्च मारून, ओरडून, दगड फेकून वटवाघळं उठवणं आधी बंद व्हायला हवं. हजार वटवाघळं घाबरून एकदम उडाली की खाली काय पडतं ते एकदा डोक्यावर झेललेला माणूस पुन्हा तसं करत नाही. प्रश्न २ मधला ताणाचा मुद्दाही इथे लागू होतो.

१४. कोविड वटवाघळांमुळेच आला ना?

कोविडच्या विषाणूचे सगळ्यात जवळचे नातलग चीन आणि लाओसमधल्या नालनाक्या वटवाघळांत सापडले, जनुकीय साम्य ९६ टक्क्यांच्या पुढे. हे साम्य मोठं वाटतं, पण उरलेले तीन-चार टक्के म्हणजे उत्क्रांतीची कित्येक वर्षं. दूरचा पूर्वज वटवाघळात होता यावर बहुतेकांचं एकमत आहे. तिथून तो माणसापर्यंत कसा पोचला, हा वाद मिटलेला नाही.

भारतातल्या काही वटवाघळांतही २०२० मध्ये कोरोनाविषाणू आढळले होते, पण ते कोविडचे विषाणू नव्हते. नाव सारखं म्हणून आजार सारखा होत नाही.

१५. मग वस्तीजवळची वटवाघळं मारून टाकली, झाड तोडलं, तर प्रश्नच मिटेल?

नाही, प्रश्न वाढतो. आणि हे भावनेपोटी म्हणत नाही.

युगांडातल्या किटाका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग झाला. त्यानंतर खाणीतली वटवाघळं हजारोंनी मारली, तोंडं बुजवली. काही वर्षांत नवी वटवाघळं तिथे राहायला आली. तपासली तेव्हा त्यांच्यातलं संसर्गाचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त निघालं. आणि २०१२ मध्ये जवळच्याच इबांडा भागात मारबर्गची साथ आली, १५ रुग्णांची, युगांडातली तोवरची सगळ्यात मोठी. जुनी, प्रतिकारशक्ती मिळवलेली वटवाघळं गेली, त्यांच्या जागी तरुण, कोरी आली, आणि विषाणूला नवं रान मिळालं.

२०२० च्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीजवळच्या वडाच्या फांद्या एका रात्रीत तोडल्या गेल्या. सकाळी गेलो तेव्हा खाली माद्या पडल्या होत्या, पोटाशी पिल्लं धरून, काही जिवंत. आणि ज्यांना त्यांची भीती वाटत होती तीच माणसं, मुलांसकट, उघड्या हातांनी फांद्या ओढत होती. वर्षानुवर्षं चाळीस फुटांवर लटकलेली जी वटवाघळं कुणाच्या अंगाला लागली नव्हती, ती त्या सकाळी पहिल्यांदा माणसांच्या हातात आली. वाचलेली शेजारच्या दोन वाड्यांत पांगली.

आणखी एक हिशेब आहे. मोहाच्या फुलांचं परागीभवन, वड-उंबरांच्या बियांचा दूरवर पसारा, ही कामं मोठी वटवाघळं करतात. पाकोळ्या रात्रभर शेतातले किडे खातात. ती गेली तर हे काम करायला दुसरं कुणी येणार नाही.

१६. वटवाघळं मारणं कायद्याने गुन्हा आहे का?

वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळं पूर्वी उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढली गेली. त्यामुळे "ती तर उपद्रवी, मारली तरी चालतात" हा जुना दाखला आता कुणी दिला तर ऐकू नका. कुठे कत्तल होताना दिसली तर १९२६ वर कळवा.

१७. झाडाखाली एकदम पाच-पन्नास मेलेली वटवाघळं दिसली. साथ आली का?

उन्हाळा असेल तर आधी उष्माघात आठवा. मे २०२० मध्ये गोरखपूर भागात शेकडो वटवाघळं मेली तेव्हा कोविडच्या भीतीने हाहाकार उडाला. बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत तपासणी झाली: कोरोना नाही, रेबीज नाही, अतिउष्णतेने मेंदूत रक्तस्राव. प्रश्न २ मध्ये पाहिलं तसं वटवाघूळ विषाणू सोसतं, ४५ अंशांचं ऊन सोसत नाही.

तरी मेलेल्यांना हात लावू नका, कुत्र्यांना दूर ठेवा, वनविभाग आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा. एखादंच मेलेलं असेल तर फावड्याने उचलून खोल पुरा, फावडं ब्लीचने धुवा.

१८. दम्यावर वटवाघळाचं मांस, सांधेदुखीवर त्याचं तेल, हे खरं का?

दम्यावर किंवा सांध्यांवर त्याचा उपयोग होतो याला पुरावा नाही. धोका मात्र खरा आहे, आणि तो खाण्यापेक्षा पकडण्यात, सोलण्यात, रक्तात हात घालण्यात जास्त आहे. ज्या घरात हा उपाय सुचवला जातो तिथे सहसा एखादं मूल रात्ररात्र धाप लागून जागं असतं आणि आई-वडील हतबल झालेले असतात. त्यांना मनापासून सांगणं आहे, दम्याचं फवाऱ्याचं औषध सवय लावतं ही समजूत चुकीची आहे. ते मुलाला देऊ द्या.

१९. सिंधुदुर्गातला माकडताप आणि विदर्भातला चांदीपुरा हेही वटवाघळांकडूनच का?

नाही. माकडताप गोचिडींमुळे होतो. चांदीपुरा विषाणू, जो १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात सापडला, तो वाळूमाशीमुळे पसरतो. या दोन्हींत वटवाघळांना ओढू नका.

२०. रक्त पिणारी वटवाघळं आपल्याकडे आहेत का?

जगात रक्तावर जगणाऱ्या तीनच जाती आहेत, तिन्ही अमेरिका खंडांतल्या. तिथे त्या गुरांना रेबीज देतात, कधी माणसांनाही. भारतात एक मोठ्या कानांची जात बेडूक आणि उंदीर मारून खाते, पण रक्त पीत नाही.

२१. निपाहची लक्षणं काय? औषध किंवा लस आहे का?

ताप, डोकेदुखी, उलट्या, अंगदुखी, काहींना खोकला आणि धाप. मग काहींत गुंगी, बरळणं, झटके, आणि एक-दोन दिवसांत कोमा. संसर्गापासून लक्षणांपर्यंत सहसा ४ ते १४ दिवस जातात. वेगवेगळ्या साथींत ४० ते ७५ टक्के रुग्ण दगावले आहेत.

मंजूर झालेली लस किंवा खास औषध अजून नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या लशीची माणसांवरची चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. एक प्रतिपिंड-औषध प्रयोग म्हणून काही रुग्णांना दिलं जातं. बाकी सगळी भिस्त लवकर ओळखण्यावर आणि चांगल्या अतिदक्षता विभागावर. केरळात २०२३ मध्ये सहा रुग्णांत दोनच मृत्यू झाले, तिथल्या आरोग्य यंत्रणेने २०१८ नंतर जे शिकून घेतलं त्याचा यात मोठा वाटा आहे.

२२. केरळची तिकिटं काढली आहेत आणि निपाहची बातमी आली. रद्द करू का?

प्रतिबंधित वॉर्ड, म्हणजे गावा-शहरांतले निर्बंध घातलेले भाग, कुठले ते तिथल्या आरोग्य विभागाने जाहीर केलेलं असतं. तुमचा मुक्काम त्यात नसेल तर रद्द करायची गरज नाही. रुग्णालयात कुणाला भेटायला जाणं टाळा, फळांबाबत प्रश्न ७ पाळा. परतल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना प्रवास सांगा, कुठे उतरलो होतो तेही सांगा.

२३. हे आजार पूर्वी नव्हते, मग आताच का?

याचं सगळ्यात नीट उत्तर ऑस्ट्रेलियाकडे आहे. १९९४ मध्ये ब्रिस्बेनच्या हेंड्रा उपनगरात घोडे पटापट मेले आणि त्यांचे प्रशिक्षक विक रेल हेही गेले. वटवाघळांकडून घोड्याला, घोड्याकडून माणसाला. संशोधकांनी १९९६ ते २०२० या पंचवीस वर्षांची माहिती जुळवली तेव्हा एक आकृती दिसली. हिवाळ्यात फुलणारी जंगलं तोडली गेली होती. ज्या वर्षी उरलेली झाडंही नीट फुलत नव्हती, त्या वर्षी उपाशी वटवाघळं गावांत, घोड्यांच्या कुरणांतल्या झाडांवर यायची, आणि मग हेंड्रा उसळायचा. ज्या हिवाळ्यात जंगल भरभरून फुललं, वटवाघळं तिकडे निघून गेली, त्या हिवाळ्यात घोड्यांना लागण झाली नाही.

आपल्याकडे मोह, उंबर, काटेसावर, वड तोडून रस्ते रुंद होतात, आणि मग वटवाघळं चिकूच्या बागेत आली म्हणून तक्रार येते.

२४. आमच्या देवराईतल्या वडावर शेकडो वटवाघळं आहेत आणि त्याच झाडाखाली जत्रा भरते, महाप्रसाद शिजतो. झाड देवाचं, तोडायचं नाही. काय करावं?

हा प्रश्न एका गावातून आला, आणि आजवरच्या सगळ्या प्रश्नांत मला तो सर्वांत आवडला, कारण त्यात झाड राखायचं आधीच ठरलेलं आहे.

चूल झाडाच्या पसाऱ्याबाहेर हलवा. जागा नसेलच तर वर ताडपत्री ताणा, नुसती जाळीची कनात नको. शिजलेल्या पातेल्यांवर झाकणं, पाण्याच्या पिंपांवर झाकणं, पंगत फांद्यांच्या सावलीबाहेर. पत्रावळी आधी मांडून ठेवू नका, बसल्यावर वाढा. झाडाखालची जमीन जत्रेच्या आदल्या दिवशी पाणी मारून ओली करून मग झाडा, झाडणाऱ्यांना मास्क द्या. हात धुवायला साबण ठेवा, तो संपला तर दुसरा आणायला एक माणूस नेमा.

फटाके आणि डीजे झाडाखाली नकोत. वटवाघळं दिवसा झोपलेली असतात. आवाजाने उठली तर घिरट्या घालतात, घाबरून मुततात, आणि ते सगळं खाली येतं. पालखीचे ढोल-ताशे देवळाच्या पुढल्या अंगाला वाजवा. दिवेलागणीनंतर ती चरायला बाहेर पडतात, साधारण तासाभरात झाड जवळपास रिकामं होतं. आरती आणि पंगत तेव्हा ठेवली, तर वर कुणी नसेल.